बुटक्याचं झाड

‘बुटक्यानं बुटक्याला बुटकं दिलं.’ हे वाक्य आमच्या बोळात पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे, पण त्याचं नाव इथे लिहून मी त्याला मोठेपण देणार नाही. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होऊन गेला होता, ओट्याओट्यावर माणसं टेकली होती, आणि आमचे हे दोन्ही हातांत एक उथळ कुंडी सांभाळत बोळातून चालत आले. कुंडीत वीतभर उंचीचं झाड. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. मी दारात उभी होते. मला हसू आलं नाही, राग आला, आणि तो राग अजून पुरता खर्च झालेला नाही.

हे म्हणजे कल्लप्पा. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणतात. हातानं लिहू नये असं मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. ते बुटके आहेत. ठेंगणे, आटोपशीर बांध्याचे, असले गूळ लावलेले शब्द लग्न ठरवताना मध्यस्थानं वापरले होते. मला त्यांची गरज नाही. ते माझ्या खांद्याला लागतात. आणि मी मंगळवेढ्याची नीलव्वा, ताडमाड. चौकटीतून जाताना मला वाकावं लागतं. उंच पोरीला स्थळ मिळत नव्हतं, बुटक्या पोराला पोरगी मिळत नव्हती, तेव्हा दोन्हीकडच्या थोरांनी दोन अडचणी एकमेकींच्या गळ्यात बांधल्या आणि लाडू खाऊन घरी गेले. त्यांच्या नशिबानं आमचं जमलं.

झाड दिलं ते एका जपानी साहेबानं. तेव्हा जपानी कंपन्या आपल्याकडची रुई घ्यायच्या. त्यांचा एक माणूस स्टेशनाकडच्या बंगल्यात राहायचा आणि हे त्याच्या वखारीत रुईच्या गठाणींवर छाप मारायचे. एकावर एक रचलेल्या गठाणी ह्यांच्या डोक्यावर जायच्या, म्हणून पायाखाली घ्यायला एक खोकं बरोबर ठेवायचे. त्या खोक्यावरून वखारीत काय काय बोललं जायचं ते ह्यांनी घरी कधी सांगितलं नाही, मला ते बाहेरून कळायचं. साहेब मात्र ह्यांच्याच उंचीचा होता. त्याच्याशी बोलताना मान वर करावी लागत नाही, एवढं एकदा हे म्हणाले होते, आणि म्हणताना चक्क हसले होते.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन तीनेक वर्षं झाली असतील. सरकारनं जपानी कापडावर भारी जकात बसवली, जपान्यांनी चिडून आपली रुई घेणं थांबवलं आणि साहेबाला परत बोलावणं आलं. जाताना त्यानं कारकुनाला घड्याळ दिलं, स्वयंपाक्याला कोट दिला आणि ह्यांना हे झाड. ह्यांना एका आडत्याकडे तसलंच काम मिळालं, खोक्यासकट.

त्या झाडाला इंग्रजीत जुनिपर म्हणतात, हे पुढे एका मास्तरांनी सांगितलं. आम्ही म्हणायचो जपानी सरू, कारण पानं सरूसारखी, बारीक, एकात एक विणलेली. अशी झाडं उथळ कुंडीत लावायची, छाटून, वळवून लहानच राखायची, आणि बापानं मुलाला, मुलानं नातवाला द्यायची, अशी त्या लोकांची विद्या आहे. साहेबानं स्वतः फांदी रुजवून ते केलं होतं. त्या विद्येत ते झाड बिगारीत होतं, आणि ते सांभाळणारे आम्ही तर अजून शाळेच्या पायरीवरसुद्धा चढलो नव्हतो.

साहेबानं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत जे सांगितलं ते ह्यांनी मला सांगितलं. मातीत बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तर पाणी द्यायचं. झाड अजून बच्चा आहे, घाई करायची नाही. आणि आणखी एक शब्द साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होता, दाराकडे हात करून: “बाहार, बाहार.”

“म्हंजे काय?” मी विचारलं.

“बहार येनार म्हनतोय. फुलंल, दाराला शोभा येईल, असं कायतरी.”

झालं. आम्ही बहाराची वाट बघायला लागलो. सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो, गुरम्मा त्यांचं नाव. त्यांनीही तेव्हा कौतुकानं बघितलं. परदेशी फूल देवाला वाहायला मिळालं तर कुणाला नको असतं? झाडाची जागा ठरली ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, घरात, चुलीच्या उबेला. माझी आंघोळ झाली की त्याला तांब्याभर पाणी. बोट घालून बघायचं मी सोडूनच दिलं. पाहुण्याला तहान लागली आहे का हे तपासून मग पाणी देणं मला चिक्कूपणाचं वाटलं.

पुढे पंचमीला मी माहेरी गेले. मंगळवेढ्याची काळी जमीन नुसत्या दवावर ज्वारी पिकवते, हे तिथल्या पोराला चालायच्या आधी कळतं. साहेबाच्या कुंडीतली माती म्हणजे खडे, रेती आणि विटेचा चुरा. मला वाटलं, बिचाऱ्याला परमुलखात चांगली माती मिळाली नसेल. मी माहेरून पिशवीभर काळी आणली, साहेबाचे खडे परसात भिंतीच्या कडेला ओतले, मुळं खळखळून धुतली आणि झाड आमच्या काळ्या मातीत बसवलं. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण आमच्या रानात हरभऱ्याचे शेंडे खुडतात. खुडला की तो चहूबाजूंनी फुटतो, भाजीही होते. बहार लवकर यावा म्हणून मी झाडाचे शेंडे एकूण एक खुडून काढले. अडाणी माणसानं प्रेम केलं की झाडाचे हाल कुत्रं खात नाही.

बहार कसला येतोय. हिरव्याचं पिवळट झालं आणि एक फांदी तांबूस होऊन वाळली. बोळात लोक विचारायचे, कल्लप्पा, फूल आलं का? हे हसून पुढे जायचे. त्यांच्या ह्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दसऱ्याच्या सुमाराला मला दिवस गेल्याचं नक्की झालं. अत्तींनी देवापुढे दिवा लावला, माझी दृष्ट काढली, आणि वळल्या तेव्हा त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. पोटुशी बाईनं जे रोज बघावं तसं पोर होतं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. कुणी बाळकृष्णाचं चित्र लावतं, कुणी रोज चंद्र बघतं. माझ्यासमोर होतं ते हे वीतभर झाड.

“नीलव्वा, खुंटलेलं झाड हाय ते,” अत्ती म्हणाल्या. “पोटात पोर असताना डोळ्यासमोर नको. बाहेर टाक.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, झाड ह्यांचं आहे, साहेबानं ह्यांना दिलं आहे, हे काहीतरी बोलतील. हे पागोटं गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर म्हणाले, “टाक म्हनती तर टाक की. एक मी हाय तेवढं बास न्हाय का घरात?”

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी साधेपणानं म्हणाले, घरात मीठ संपलंय असं सांगावं तसं. आणि त्यांच्या आईनं ‘असं बोलू नको’ म्हटलं नाही.

पुढल्या सोमवारी मायलेकरं सिद्धेश्वराला जाऊन आली. अत्तींनी मोठ्या आनंदानं मला सांगितलं की कल्लप्पा नवस बोललाय: पोराला आईची उंची दे, आमच्या दारापासून तुझ्या दारापर्यंत दंडवत घालत येईन. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी पोळपाटावरची पोळी लाटतच राहिले. ती फाटली. माझा नवरा देवाजवळ स्वतःच्याच विरुद्ध नवस बोलला होता.

सासरी राहून मी पुष्कळ गिळलं होतं, हे मात्र घशाखाली उतरेना. पोर उंच होईल की बुटकं, मला त्याचं काही नव्हतं. पण ते बापावर गेलं आणि बापानं त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं, तर त्या पोराला बोळातल्या लोकांची गरजच उरणार नाही. त्याची मान घरातच खाली जाईल. ह्यांची तशीच गेली होती. मला ते माझ्या घरात पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. भांडून काही होणार नाही हे मला दिसत होतं, माझ्या हातात फक्त ते झाड होतं. मी ठरवलं की हे झाड जगणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जगणार, आणि मी रोज ते पोटभर बघणार.

अत्ती म्हणाल्या होत्या बाहेर टाक. मी शब्दाला जागले. परसातल्या भिंतीवर ठेवलं. तिथे सकाळचं ऊन यायचं, दुपारी कडुलिंबाची सावली पडायची, आणि वारा तर चारी बाजूंनी. म्हटलं, जगलं तर इथेच जगेल.

थंडी पडली. एका सकाळी झाडाच्या पानांवर दव होतं आणि मला त्याचा हिरवा रंग वेगळा वाटला. वाळकी फांदी वाळकीच होती, पण बाकीच्यांची पिवळट कळा गेली होती. मी वाळक्या फांदीच्या बुंध्याशी नखानं साल जराशी खरवडली. फांदी आत तपकिरी, खोड मात्र ओलं हिरवं. मी तिथे उभी राहून विचार करत होते की कोनाड्यात एवढी सेवा केली तर मरायला टेकलं, आणि हाकलून लावलं तर सुधारलं, हे काय म्हणायचं. आणि मग साहेबाचा हात डोळ्यापुढे आला. दाराकडे केलेला. बाहार, बाहार. अहो, तो बिचारा बाहेर ठेवा म्हणत होता. हिंदुस्थानीतलं बाहर. आम्ही मराठी माणसं त्याचा बहार करून फुलांची वाट बघत बसलो होतो.

मी एकटीच परसात हसले, पोट धरून हसले. साहेबानं मायेनं सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, आणि अत्तींनी धसक्यापोटी सांगितलं ते अचूक निघालं.

मग बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. मातीत बोट घातलं. वर भेगा पडलेल्या आणि खाली बोटभर चिखल. आमची काळी पाणी धरून ठेवते म्हणून ज्वारी पिकते, आणि पाणी धरून ठेवते म्हणूनच ह्याची मुळं कुजली होती. माझ्या माहेराचा अभिमान मी त्याच भिंतीशी ओतला. साहेबाचे खडे सापडले तेवढे वेचले, त्यात टेकाडावरचा मुरूम आणि फुटक्या कौलांचा चुरा चाळून घातला. मुरूम म्हणजे ज्यात कुसळसुद्धा धड उगवत नाही अशी माती. आमच्याकडे ती रस्त्यावर टाकतात. काळी पडलेली मुळं कात्रीनं कापली, पांढरी ठेवली, आणि झाड त्यात घट्ट बसवलं. शेंड्यांना हात लावला नाही. हरभऱ्याचा जोर मुळात असतो, ह्याचा सगळा जोर शेंड्यात आहे, हे मला एक फांदी गमावून कळलं होतं.

अत्तींनी बघितलंच. म्हणाल्या, टाकायला सांगितलं होतं ना?

“बाहेर टाक म्हनलासा, अत्ती. बाहेरच हाय की.”

त्यावर चार दिवस अबोला झाला. मला तो फार सोयीचा गेला. हे मात्र परसात येईनासे झाले. आडाचं पाणी काढायला आले तरी भिंतीकडे पाठ करून उभे राहायचे. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं झाडाशी बोलायचे, आज शेंडा कसा दिसतोय वगैरे. ते दोर ओढत राहायचे.

फाल्गुनात अत्तींनी माझी ओटी भरली. घर बायकांनी भरून गेलं. हिरवी साडी, गजरे, ताटात पाच पक्वान्नं. काही कमी केलं नव्हतं, ते मी नाकारणार नाही. जेवणं झाल्यावर हात धुवायला म्हणून बायका परसात गेल्या आणि ह्यांच्या एका चुलत वहिनीला भिंतीवरचं झाड दिसलं. ती ते उचलून घरात घेऊन आली, सगळ्यांना दिसेल असं धरून. अय्यो, अजून ठेवलंय का हे, असलं रोज बघून पोर कसलं व्हायचं ग तुझं, असं तिनं विचारलं. दोघी-तिघी पदराआड हसल्या. अत्तींची मान खाली गेली. आणि हे नेमके त्याच वेळी पानसुपारीचं तबक घेऊन उंबऱ्यात आले होते.

मी चौरंगावरून उठले. त्या साडीत, त्या गजऱ्यात, पोट सांभाळत उठले आणि वहिनीच्या हातातून कुंडी घेतली.

“ह्यांच्यासारखं व्हनार,” मी म्हणाले. “मला तसंच पायजे.”

मी पुन्हा चौरंगावर बसले आणि झाड मांडीवर घेतलं. ओटीत नारळ, वर झाड. उरलेल्या बायकांना त्यावरूनच कुंकू लावावं लागलं. ह्यांनी तबक खाली ठेवलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, चार लोकांत असं बोलू नये. मी विचारलं, मग कुठे बोलू? तुम्हाला हसतात ते चार लोकांतच ना? त्या दिवशी पाणी काढताना त्यांनी भिंतीकडे पाठ केली नाही. मी ते बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा मी काय वर्णन करायचा. ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको, ज्यानं भोगला नाही त्याला पटणार नाही. थंड मुलखातलं ते झाड आणि पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. मी कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळायचे. सकाळी बोट घालायचे, संध्याकाळी बोट घालायचे. मुरमात पाणी टिकत नाही हे हिवाळ्यात त्याचं भाग्य होतं, आता तीच भीती झाली. एक दिवस चुकला असता तरी संपलं असतं. दहा वाजले की भिंतीवरून उतरवून लिंबाच्या बुंध्याशी सावलीत न्यायचे, दिवस कलला की परत वर. नवव्या महिन्यात वाकताना जीव जायचा, पण कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? आणि अशा उन्हात, खोटं नाही सांगत, त्याच्या फांद्यांच्या टोकांना पोपटी शेंडे आले. बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. मी नुसते बघितले.

वैशाखात, भर दुपारी, मी बाळंत झाले. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. रंभाबाई सुईण आली होती. दार-खिडक्या बंद, आत शेगडी, बाहेर आग. मुलगी झाली. रंभाबाईनं तिला उचलून दिव्याच्या उजेडात धरलं, हातपाय चाचपले आणि हसली.

“बारीक हाय, पर रडती रेटून,” ती म्हणाली. “सगळा बापाचा साचा.”

अत्ती दाराशीच होत्या. त्यांनी सुस्कारा टाकला आणि नवस काही फळला नाही असं पुटपुटल्या. पोर जन्मून घटका झाली नव्हती. माझ्यात त्राण असतं तर मी उठले असते. उठता आलं नाही, म्हणून पडल्या पडल्या रडले. आणि त्या रडण्यातच आठवलं की कालपासून झाडाला पाणी नाही, ते भिंतीवर उन्हात आहे, आणि ह्या खोलीतून मला आता बाहेर पडता येणार नाही. पाणी घाल म्हणून सांगावं असं घरात एकही माणूस मला दिसेना. मला वाटलं, गेलं. झाडही गेलं आणि मी ज्यासाठी ते जगवलं तेही गेलं.

तेवढ्यात हे आत आले. रीतीप्रमाणे यायचं नव्हतं, रंभाबाई ओरडलीसुद्धा. त्यांचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. उजव्या हाताचं बोट पेरापर्यंत ओल्या मुरमानं माखलेलं होतं.

“सकाळधरनं परसातच व्हतो,” ते म्हणाले. “आत तू वरडत व्हतीस, मला काय करावं सुदरंना. मग बोट घालून बघितलं. कोरडं लागलं. पानी घातलं, सावलीत ठिवलं.” आणि मग, “शेंडे हायत. खुडले न्हाईत.”

मी पोरीला वर केलं. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि तिला घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तिचे पाय बघितले, आखूड, जाडसर. तिचे हात बघितले. बराच वेळ बघितले. तोंड फिरवलं नाही.

दाराशी अत्ती म्हणाल्या की आता दंडवताचं काही बंधन नाही, मागितलं ते देवानं दिलं नाही.

“घालनार हाय की,” हे म्हणाले.

“आरं, दिलं कुटं त्यानं?”

“मी मागितलं ते चुकीचं व्हतं, अव्वा. त्यानं बरोबर बघून दिलं. फेडाय नको व्हय?”

अत्ती आत निघून गेल्या.

बारसं झालं आणि त्यानंतरच्या सोमवारी हे पहाटे आंघोळ करून ओल्या धोतरानं दारात उभे राहिले. मी पोरीला घेऊन उंबऱ्यात आले. दंडवत कसा घालतात ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: रस्त्यावर पालथं पडायचं, हात डोक्यापुढे लांब करायचे, बोटं पोचतील तिथे रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं आणि तिथून पुन्हा आडवं व्हायचं. देवळापर्यंतचा रस्ता आपल्या अंगानं मोजत जायचा. उंच माणसाचा तो लवकर संपतो.

बोळ जागा झाला होता. ओट्यांवर तीच माणसं. लपवायला जागाच नव्हती. एक माणूस आपली पुरी लांबी सगळ्यांसमोर धुळीत मांडत होता, उठत होता आणि पुन्हा मांडत होता. मग ज्याचं नाव मी लिहिणार नाही म्हटलं त्यानं ओट्यावरून आवाज दिला की कल्लप्पा, उंच माणसाचं निम्म्यात झालं असतं, तुला दुपार होईल, पुढं सडकेचं डांबर तापेल.

हे नुकते रेघेवर उभे राहिले होते. कपाळाला, छातीला धूळ. त्यांनी त्याच्याकडे मान वर करून बघितलं, ओटा उंच होता म्हणून.

“व्हऊ दे की दुपार,” ते म्हणाले. “मला माझ्या मापानं जायाचं हाय.”

आणि पुन्हा आडवे झाले.

त्यानंतर ओट्यावरून आवाज आला नाही. आवाज आला तो माझ्या मागून, पितळी घागरीचा. अत्ती मला बाजूला सारून उंबरा उतरल्या. कमरेवर भरलेली घागर होती. ते वय घागर उचलायचं नव्हतं. त्या लेकाच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि तो जिथे पडणार होता तिथे रस्त्यावर पाणी शिंपडायला लागल्या, धूळ बसावी म्हणून, आणि ऊन चढलं की छाती भाजू नये म्हणून. एक पाऊल, थोडं पाणी, एक पाऊल, थोडं पाणी. लेकाच्या मापानं. मी त्यांना अजून सगळं माफ केलेलं नाही, आणि करीन असंही नाही. पण त्या दिवशी त्यांचा पदर डोक्यावरून ढळला होता आणि त्यांनी तो सारखा केला नाही.

पोरगी झोपली होती. तरी मी तिचं तोंड बोळाकडे करून धरलं, आणि ते दोघं टोकाला वळेपर्यंत तसंच धरून ठेवलं.